थंड घरातला मुडदूस

घर पाहायला गेलो तेव्हा मी आधी भिंतीला हात लावून पाहिला. एप्रिलची दुपार होती. बाहेर डांबर मऊ पडलं होतं आणि आतली भिंत माठासारखी गार. मी नवऱ्याकडे पाहून मान हलवली आणि घर ठरलं.

माझं माहेर पिंपळगाव राजाचं. घाटाखालचं ऊन मी लहानपणापासून डोक्यावर घेतलेलं. बाबांचा भाजीपाल्याचा मळा, घरावर टिनपत्रे. मार्चनंतर दुपारी त्या घरात बसवायचं नाही. आम्ही भावंडं लिंबाखाली खाट टाकायचो आणि सावली सरकली की खाटही सरकवायचो. त्यामुळे माझ्या लेखी सावली म्हणजे श्रीमंती. ज्याच्या घरात दुपारी झोप लागते तो सुखी माणूस, असं माझं साधं गणित होतं. लग्न होऊन घाटावर आले, बुलढाण्यात संसार मांडला, आणि असं गार घर भाड्याने मिळालं तेव्हा मला वाटलं, आपलं नशीब फळफळलं.

घर तळमजल्यावर होतं. वरच्या मजल्यावर घरमालक राहायचे. त्यांचं बाजारात बांगड्यांचं दुकान. मालकीणबाईंना सगळी गल्ली चाची म्हणायची, म्हणून मीही चाचीच म्हणू लागले. आमच्या पूर्वेला हाताभर फट सोडून तीन मजली दुकानांची इमारत उभी होती. दक्षिणेला लग्नकार्यांचा एक बैठा हॉल. पश्चिमेला चाचींच्या जिन्याची भिंत. उरली उत्तर. तिकडे गल्ली, आणि गल्लीकडच्या ओसरीवर पत्रा. दिवसा ट्यूबलाइट लावावी लागायची. विजेचं बिल सोडलं तर त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

नवरा शहरातल्या एका कृषी केंद्रात, म्हणजे बी-खतांच्या दुकानात, काम करायचा, अजूनही करतो. सासूबाई आमच्याबरोबर. त्यांचं आयुष्य देऊळघाटला गेलेलं. सासरे गेल्यावर शेत बटाईने दिलं आणि त्या आमच्याकडे आल्या. मी पुढच्या खोलीत पाचवी ते आठवीच्या मुलांच्या शिकवण्या घ्यायचे. सकाळी एक तुकडी, संध्याकाळी एक. घराबाहेर पडायचं कामच नव्हतं. भाजीवाला दारात यायचा, दूधवाला दारात यायचा, पोरंही दारात यायची.

त्याच घरात मला मुलगी झाली. भाद्रपदातली ती. सव्वा महिना आम्ही दोघी मागच्या खोलीत, दारं-खिडक्या लावून. मग थंडी पडली, म्हणून पोरीला बाहेर काढलं नाही. थंडी गेली तर ऊन तापलं, म्हणून काढलं नाही. मग पाऊस, चिखल, डास. मग परत थंडी. प्रत्येक ऋतूत आत राहायला एक चांगलं कारण असायचंच. त्यात सासूबाईंचं एक वेगळं कारण होतं.

“पोरीची जात हाये. उन्हात नेशीन तं काळी पडन,” त्या म्हणायच्या. “मंग लग्नाच्या टायमाले कोन पाहीन?”

मी हसायचे, पण पोरीला घेऊन बाहेरही पडायचे नाही.

पोर सव्वा वर्षाची झाली तरी उभी राहायला कुरकुर करायची. धरून उभी केली की पाय थरथरायचे आणि ती मटकन बसायची. दात उशिरा आले. झोपेत डोक्याला एवढा घाम यायचा की उशी ओली व्हायची, तेही हिवाळ्यात. पाय गुडघ्यापाशी थोडे बाहेर वाकलेले दिसायचे, पण लंगोटामुळे असेल असं आम्ही धरून चाललो.

ज्याचं त्याचं मत होतं. सासूबाई म्हणाल्या, “हिचा बाप बी उशिराच चालला होता. घाई कायची?” नवरा म्हणाला, वजन कमी आहे, खायला घाल. बाबा फोनवर म्हणाले, “वेलाले आधार लागते, लेकराले बी लागते. चालन.” मला कुणाचंच खोटं वाटत नव्हतं आणि कुणाचंच पुरतं पटतही नव्हतं.

माझं स्वतःचं दुखणं वेगळं. नडग्या ठणकायच्या. फळ्याशी उभं राहून शिकवलं की कंबर धरायची. खाली बसले तर उठताना जमिनीवर हात टेकवावा लागायचा, आणि माझं वय तिशीच्या आतलं. दुपारी विनाकारण रडू यायचं. बाळंतपणानंतर होतंच असं, हे मला इतक्या बायकांनी सांगितलं होतं की मी विचारणंच सोडून दिलं.

माघात माझ्या चुलतबहिणीचं लग्न निघालं. पोरीला बांगड्या घ्याव्यात म्हणून मी वर चाचींकडे गेले. त्या नेहमी नव्या मालाचा एक डबा घरी ठेवायच्या. त्यांनी पोरीला मांडीवर घेतलं, तिचा पंजा दाबून लहान केला आणि लाल काचेची एक बारीक बांगडी सरकवली. बांगडी पंजावरून सहज गेली आणि मनगटापाशी अडकली.

चाचींनी ती जराशी फिरवली, परत ढकलली. पोर कळवळली. त्यांनी लगेच काढून घेतली.

“अजीब बात हाये,” त्या म्हणाल्या. “हात लहान अन् मनगट मोठं? बांगडी पंजात अडकते बेटा. पंजातून गेली की मंग पुढं सैलच होते. असं तं मी नाही पाह्यलं कवा.”

“सूज असन का?”

“सूज असन तं दोनी हाताले कशी?” त्यांनी दुसरा हातही पाहिला. तोही तसाच, मनगटावर गाठीसारखा जाड. “मले काही समजत नाही. डॉक्टरले दाखव.”

आम्ही दोघी बराच वेळ ते मनगट पाहत बसलो. मी रोज त्या पोरीला अंघोळ घालत होते, तेल लावत होते. मनगट रोजच डोळ्यांसमोर होतं, पण बांगडी अडकेपर्यंत ते जाड आहे हे मला दिसलं नव्हतं. मला भीती वाटलीच. पण खरं सांगायचं तर भीतीबरोबर एक प्रश्नही डोक्यात शिरला, की हे असं का व्हावं? तो प्रश्न मला रात्रभर सोडेना.

दुसऱ्याच दिवशी आम्ही लहान मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. ते वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी पोरीचं मनगट चाचपलं, फासळ्यांवरून बोट फिरवलं, कपाळाकडे बाजूने पाहिलं. पायांचे घोटे जुळवून गुडघ्यांमधली फट पाहिली. मग विचारलं, “आईचं दूध किती दिवस दिलं?”

“अजून देते.”

“राहता कुठे? घरात ऊन येतं का?”

“नाही डॉक्टर. एकदम थंड घर आहे,” मी सांगितलं. जरा अभिमानानेच.

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. “बाहेर नेता का हिला?”

“नाही. म्हणजे, क्वचित.”

“तुमचे पाय दुखतात का?”

हा प्रश्न मला अनपेक्षित होता. मी हो म्हटलं. त्यांनी मला माझ्याच नडगीच्या हाडावर अंगठा दाबायला सांगितला. मी दाबला आणि माझ्या तोंडून ‘आई गं’ निघालं.

पोरीच्या हाताचा एक्स-रे काढला. त्यांनी तो दिव्यासमोर धरून आम्हाला बोलावलं. “हाडाचं टोक असं असायला पाहिजे,” म्हणत त्यांनी कागदावर एक सरळ रेघ मारली. “आता हिचं पाहा.” पोरीच्या हाडांची टोकं सरळ नव्हती. ती वाटीसारखी खोलगट झाली होती आणि कडा दात घासायच्या जुन्या ब्रशासारख्या विस्कटलेल्या. एवढ्याशा हाताच्या आत एवढा गोंधळ चालला होता.

“मुडदूस,” ते म्हणाले. “बरा होतो. घाबरू नका.”

मी तो शब्द ऐकून त्यांच्याकडे पाहतच राहिले. हा शब्द मला चांगला ठाऊक होता. आदल्याच आठवड्यात मी तो सहावीच्या पोरांकडून पाठ करून घेतला होता. अ जीवनसत्त्व, रातांधळेपणा. ब, बेरीबेरी. क, स्कर्व्ही. ड, मुडदूस. पण तो तक्त्यात राहणारा शब्द होता. स्कर्व्ही जसा जहाजावरच्या खलाशांना व्हायचा, तसा मुडदूसही कुठल्या तरी दुसऱ्या काळातल्या पोरांना होत असणार, अशी माझी समजूत. तो आमच्या घरात येऊन रांगत असेल असं मला कसं सुचावं?

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. दुधातलं कॅल्शियम पोटात जातं, पण ते हाडात बसवायला ड जीवनसत्त्व लागतं. ते अन्नातून फार थोडं मिळतं. ऊन लागलं की आपली कातडीच ते तयार करते. आईच्याच अंगात नसेल तर दुधातून बाळाला कुठून जाणार? म्हणून माझंही रक्त तपासायला दिलं. चार दिवसांनी अहवाल आले. माझं पोरीइतकंच खाली होतं.

घरी त्या दिवशी जेवणं उशिरा झाली.

“वऱ्हाडात ऊन कमी?” नवरा म्हणाला. “हे तं असं झालं का समुद्रात राहून कोनी तहानेनं मरावं.”

बाबांना फोन केला तर ते आधी हसले. “उन्हाची कमी? माह्याकडं ये. पोत्यानं भरून देतो.” मग हलक्या आवाजात विचारलं, “पोरगी बरी होईन न पण?”

सासूबाई मात्र भिंतीला टेकून बसून राहिल्या. मी त्यांच्यासमोर ताट ठेवलं तेव्हा म्हणाल्या, “तेल तं मी रोज लावलं व.”

“हो आई. तुम्ही कधी चुकवलं नाही.”

“देऊळघाटले तेल लावून लेकराले आंगनात टाको मी. बाजीवर. उघडं. ऊन अंगावर येईपर्यंत थे खेळे, अन् मी भाकरी टाको.” त्यांनी वर ट्यूबकडे पाहिलं. “इथं तेल लावलं अन् ट्यूबलाइटखाली टाकलं.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी अर्धी रीत पाळली होती आणि उरलेली अर्धी घरानेच गाळली होती. उरलेल्या अर्ध्यात काय असतं हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं, मलाही नाही. काळी पडण्याचं त्या पुन्हा बोलल्या नाहीत. पुढे एका पाहुण्या बाईने ‘पोरगी सावळी झाली व’ असं म्हटलं तर तिला सासूबाईंनी चहासुद्धा विचारला नाही.

औषध सुरू झालं. थेंब, कॅल्शियम, आणि माझ्यासाठी आठवड्याला एक पुडी. डॉक्टरांनी बजावलं होतं की औषध मनाने वाढवायचं नाही, जास्त झालं तरी अपाय होतो, आणि नुसत्या उन्हावरही भागणार नाही. पण त्याबरोबर रोज ऊन हवं. ‘रोज ऊन’ म्हणजे काय, हे मला नीट कळलं नाही, आणि न कळलेली गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही.

म्हणून त्या रविवारी शिकवणी नव्हती तर मी दिवसभर घरात ऊन शोधत फिरले. खरंच. सकाळी उठून एकेका खोलीत जाऊन उभी राहिले. पूर्वेची खिडकी उघडली तर समोर सिमेंटची भिंत, हात बाहेर काढला की तिला लागायचा. दुपारी न्हाणीघराच्या झरोक्यातून उन्हाची एक फीत आली, पाण्याच्या बादलीवर पडली आणि नवऱ्याची अंघोळ आटोपायच्या आत निघून गेली. संध्याकाळी गल्लीपलीकडच्या बँकेच्या काचेवरून परतून आलेला उजेडाचा एक तुकडा ओसरीत पडला. पोर त्याला पकडायला रांगत गेली. एवढंच. त्या घरात आलेल्या उन्हाचा हिशेब तिथे संपला. मला आश्चर्य वाटलं ते ऊन नसल्याचं नव्हे, आपण ते कधी पाहिलंच नाही याचं.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे गेले तेव्हा मी प्रश्नांची रांग लावली. काचेवरून आलेलं ऊन चालेल का? नवऱ्याच्या दुकानाला मोठी काच आहे, तिच्या आड पोरीला बसवलं तर? कोवळं ऊन चांगलं की चढलेलं?

डॉक्टर पहिल्यांदाच हसले. “शिकवता का तुम्ही?”

“हो. विज्ञान.”

“मग ऐका. काचेतून ऊब येते, उजेड येतो, पण ज्या किरणांनी हे जीवनसत्त्व तयार होतं ते काच अडवते. म्हणजे काचेआड बसलात तर उन्हात बसल्यासारखं वाटेल, पण मिळणार काही नाही. कोवळ्या उन्हातही ते किरण फार कमी. एक सोपी खूण सांगतो. उन्हात उभं राहायचं. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की काम सुरू झालं समजायचं.”

“पण मग सगळे कोवळं ऊन का सांगतात?”

“ते झोपेसाठी चांगलं. सकाळचा उजेड डोळ्यांना दिसला की शरीराला कळतं दिवस सुरू झाला. रात्रीची झोप मग वेळेवर येते. दोन्ही उन्हांची कामं वेगळी आहेत. फक्त भाजेपर्यंत बसू नका. कातडी तापायच्या आत सावलीत यायचं.”

मी त्या दिवशी घरी येताना रस्त्यात दोनदा थांबून स्वतःची सावली पाहिली. लोक काय म्हणाले असतील कोण जाणे.

आता ऊन कुठे मिळणार? गल्लीत गाड्या, धूळ, कुत्री. उरली चाचींची गच्ची. पण तिचा जिना त्यांच्या घरातून जायचा, अगदी स्वयंपाकघराला लागून. दुसऱ्याच्या घरातून रोज येणं-जाणं करायचं कसं? मी वर गेले आणि कसंबसं विचारलं.

चाची पोळ्या लाटत होत्या. लाटणं न थांबवता म्हणाल्या, “दरवाजा कवा बंद पाह्यला का तू? जाय न. विचारते काय?”

मग लाटणं थांबलं. “पन एक गोष्ट हाये. गच्चीवर मी सोता जात नाही. त्या इमारतीच्या खिडक्या सगळ्या इकडंच पाह्यतात. वरून मानसं चाय पीत उभे राह्यतात. आम्ही बाया कपडे वाळू घालो अन् पळत खाली येवो.”

त्या बोलत होत्या तेव्हा माझ्या मनात आलं, की चाची सकाळी घरात असतात, दुपारी दुकानात ट्यूबलाइटखाली बायकांना बांगड्या भरतात, आणि जाता-येता रिक्षात. मी विचारलं, “चाची, तुमचे पाय दुखतात का?”

“गुडघे. दोन वर्षं झाले. उमर झाली आता.”

“नडगीवर अंगठा दाबून पाहा बरं.”

त्यांनी पिठाचा हात पुसला, दाबला, आणि “या अल्ला” म्हणून पाय मागे घेतला. पुढच्याच आठवड्यात त्यांचंही रक्त तपासलं. अहवाल घेऊन त्या खाली आल्या तेव्हा हसत होत्या, पण डोळ्यांत पाणी होतं. “ऐक गंमत. गच्ची माही, ऊन माह्या गच्चीवर, अन् कमी बी मलेच!”

खिडक्यांचा प्रश्न बाबांनी सोडवला. त्यांना मी फोनवर सगळं सांगितलं होतं. एका सकाळी ते एस्टीने आले. एका खांद्यावर वांग्यांची थैली, दुसऱ्यावर गुंडाळलेली हिरवी जाळी. रोपवाटिकेवर सावलीसाठी बांधतात ती, जुनी, एका कडेला फाटलेली. नवऱ्याने आणि चाचींच्या यजमानांनी गच्चीच्या कठड्यावर बांबू उभे केले आणि चारही बाजूंनी जाळी ताणून बांधली. वर मात्र काही नाही. उघडं आभाळ. बाबा कमरेवर हात ठेवून पाहत राहिले.

“जिंदगीभर ऊन अडवाले बांधली ही जाळी,” ते म्हणाले. “उन्हासाठी बांधतांना पहिल्यांदाच पाहून राह्यलो.”

मग आमचा नेम सुरू झाला. सकाळची तुकडी सुटली की मी पोरीला घेऊन वर जायचे. सासूबाई मागून तेलाची वाटी घेऊन, एकेक पायरी चढत. चाची दुकानाला जायच्या आधी येऊन बसायच्या. बाह्या वर करून, पाय पसरून. सावली आखूड झाली का हे पाहायला आम्ही आळीपाळीने उभ्या राहायचो. सासूबाई ठेंगण्या, त्यांची सावलीही ठेंगणी, पण आखूड व्हायची वेळ सगळ्यांची एकच. हे पाहून त्यांना फार मजा वाटली. “म्हंजे सूर्याले उंच-बुटकं कळत नाही,” म्हणाल्या.

पोरीला पहिले काही दिवस ते आवडलं नाही. डोळे मिटून घ्यायची, चेहरा माझ्या मानेत खुपसायची. एवढा उजेड तिने पाहिलाच नव्हता. मग एके दिवशी तिला स्वतःची सावली दिसली आणि ती तिच्यावर थापट्या मारत बसली.

माझ्यात फरक आधी पडला. पहिल्यांदा झोप. पडल्याबरोबर लागायला लागली. मग एकदा खडू खाली पडला आणि मी तो उचलून सरळ उभी राहिले. उभी राहिल्यावर लक्षात आलं की हात टेकवला नाही. दुपारचं रडणं कधी थांबलं ते मला सांगता येणार नाही, कारण थांबलेली गोष्ट पटकन कळत नाही. नवऱ्याने एकदा विचारलं, “आजकाल गुणगुणून राह्यली व तू?” तेव्हा कळलं. ते उन्हाने झालं, औषधाने झालं, की रोज दोन बायकांशी मोकळं बोलायला मिळालं म्हणून झालं? मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, “तिन्हींमुळे असेल. वेगळं काढून दाखवता येणार नाही.” मला हे उत्तर आवडलं नाही, पण खरं वाटलं.

एप्रिल संपत आला. चाचींनी वर्षभराच्या मिरच्या आणल्या आणि गच्चीच्या अर्ध्या भागात जुन्या चादरीवर पसरल्या. लालभडक. ऊन आता लवकर चढायचं, म्हणून आम्हीही लवकर वर जायचो. त्या सकाळी पोर कठड्याला धरून उभी होती. तेवढं ती आता करू लागली होती. आम्ही तिघी जाळीच्या सावलीत बसून बोलत होतो. बोलणं कशावर चाललं होतं ते आठवत नाही.

“मिरची! मिरची!” सासूबाई एकदम ओरडल्या.

पाहते तर पोर चादरीवर उभी, एका मुठीत मिरची, आणि मूठ डोळ्याकडे निघालेली. आम्ही तिघी धावलो. चाचींनी हात धरला, मी मिरची हिसकावली, सासूबाईंनी पदराने बोटं पुसली, कुणीतरी तांब्याभर पाणी ओतलं. पोरीने भोकाड पसरलं. सगळीकडे मिरच्या विखुरल्या. सगळं निस्तरून आम्ही खाली टेकलो, धापा टाकत.

मग चाची हळूच म्हणाल्या, “थे तिथवर गेली कशी?”

कठडा आणि चादर यांच्यामध्ये धरायला काही नव्हतं. रांगत गेली असती तर ती उभी दिसली नसती. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. सासूबाईंनी तिला उचलून परत कठड्यापाशी उभं केलं आणि स्वतः चादरीच्या कडेला जाऊन एक मिरची हातात धरून बसल्या. पोर रडं विसरली. कठडा सोडला. पाय फेंगडे टाकत, बदकासारखी डुलत, पडता पडता सावरत, ती सरळ मिरचीकडे चालत गेली.

सासूबाईंनी तिला छातीशी घट्ट धरलं. मिरचीचा हात डोळ्याला लागू नये म्हणून आपला हात मात्र लांब ठेवला होता. डोळ्यांना त्यांच्या पाणी आलंच होतं, पण ते मिरचीचं नव्हतं.

पुढच्या एक्स-रेत हाडांच्या टोकांवर एक पांढरी रेघ उमटलेली दिसली. “हे नवं हाड,” डॉक्टर म्हणाले. “आत बसायला लागलं.” मी ती रेघ डोळे भरून पाहिली. पाय सरळ व्हायला वेळ लागेल असं त्यांनी आधीच सांगितलं होतं, तसा तो लागला. पावसाळ्यात ऊन गेलं तेव्हा आम्ही थेंबांवर राहिलो. पुन्हा ऊन आलं तेव्हा पुन्हा वर गेलो. आता ती चौथ्या वर्षात आहे. अंगणवाडीत जाते, धावते, गुडघे फोडून येते. डाव्या पायाला अगदी थोडा बाक उरलाय. तो मलाच दिसतो. डॉक्टर म्हणतात, तोही जाईल.

आम्ही त्याच घरात आहोत. लोक विचारतात, सोडलं का नाही? भाडं परवडतं, शिकवण्या बसल्यात, आणि चाचींसारखी शेजारीण दुसऱ्या घराबरोबर मिळत नाही. उन्हाळ्यात भिंती अजून गार असतात आणि ते मला अजून आवडतं. फक्त आता कुणी नवं घर घेतलं, कुणाला बाळ झालं, की माझ्या तोंडून आधी प्रश्न निघतो, “ऊन कोणत्या खोलीत येतं?” लोकांना वाटतं मी वास्तुशास्त्र विचारतेय.

मागच्या मार्गशीर्षात मला आणखी एक गोष्ट सापडली. थंडीत मी भर दुपारी बाराला गच्चीवर उभी राहिले तर माझी सावली जवळजवळ माझ्याएवढीच होती. म्हणजे हिवाळ्यात ती आखूड होते ती जेमतेम दुपारच्या सुमाराला, थोडाच वेळ. आणि आपण हिवाळ्यात ऊन खायला बसतो ते सकाळी. मी हे चाचींना दाखवलं. त्या कितीतरी वेळ दोन्ही सावल्यांकडे पाहत उभ्या होत्या.

आणि या दिवाळीनंतर दक्षिणेकडच्या हॉलवर सळया उभ्या राहिल्या. चाचींच्या यजमानांनी जाऊन विचारलं. हॉलचा मालक म्हणाला, वर दोन मजले चढवतोय. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा त्याची काही अडचण नाही. पण हिवाळ्यात तो दक्षिणेकडूनच जातो. ती सावली आमच्या गच्चीवर कुठवर येईल यावर आमच्या तिघींत रोज वाद होतो. सासूबाई म्हणतात, अर्ध्यावर. चाची म्हणतात, पाण्याच्या टाकीपर्यंत. मी कागदावर आकृती काढून पाहिली, पण मजल्यांची उंची किती धरायची ते कळेना. काल पहिला स्लॅब टाकला. मी गवंड्यालाच मजल्याची उंची विचारून आले.